नवे पत्रे आणि पेडगावचे पाव्हणे

आमच्या गाडीला गंज चढला होता, हे म्हणणं बरोबर नाही. गंजातच कुठं कुठं गाडी शिल्लक होती. चारी दारांचे खालचे पत्रे इतके सडले होते, की बसल्या जागेवरून रस्ता दिसायचा. (आईला ते आवडायचं. "वारा बरा लागतो," म्हणायची.)

धाकट्या भावाचा, विलासचा, साखरपुडा पेडगावला ठरला आणि मी गाडी परभणीतल्या मजीदभाईंकडं नेली. पत्र्याच्या कामात त्यांचा हात धरणारा कुणी नाही. त्यांनी सडका पत्रा कापला, नवा वेल्डिंग करून बसवला आणि मी मागं उभा राहून त्यांना शिकवू लागलो.

"मजीदभाई, दाराला फट दिसायलीय."

"साहेब, थोडी फट लागती. उन्हानं पत्रा फुगतो, वरून रंगाचा थर बसतो."

"न्हाई! केसाएवढी फट नको!"

"तुमी म्हणाल तसं. पण रंग दोन दिवस वाळू द्या. काचांची हँडलं बी बसवायचीत."

"साखरपुडा उद्या हाय! हँडलं मागून बसवू."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी निघालो. पुढं मी आणि अण्णा, म्हणजे आमचे वडील. मागं आई, माझी बायको मंगल आणि नव्या सुटातला विलास. दारं अशी खट्‌कन बसली, की मी सगळ्यांना तो आवाज पुन्हा ऐकवला!

पेडगावला मांडवासमोर गाडी थांबवली. ओवाळायला बायका ताटं घेऊन उभ्या. मी दार ढकललं. उघडेना! अण्णांचं उघडेना. मागची दोन्ही तशीच. ओला रंग उन्हानं चिकटला होता, पत्रा फुगला होता आणि काचा खाली करायच्या तर हँडलं मजीदभाईंच्या दुकानात!

आत आम्ही दारांना खांदे मारत होतो. बाहेरून मात्र एवढंच दिसत होतं, की नवऱ्याकडची माणसं लालबुंद तोंडं करून बसलीत आणि खाली उतरायला तयार नाहीत.

मुलीचे वडील हात जोडून काचेशी आले. "पाव्हणे, काय चुकलं आमचं?"

"दार!" मी आतून ओरडलो. "दार! दार!"

ते मागं वळले. "हार मागायलेत! आधी हार आणा!"

पाच हार आले. गळे आत असल्यामुळं ते बॉनेटवर घालण्यात आले.

मी दाराकडं बोट करून बोंबललो, "ओढा! ओढा!"

"घोडा?" मुलीचा मामा भडकला. "साखरपुड्यालाच घोडा? उद्या हत्ती मागतील! दाजी, मोडा ही सोयरीक!"

"दादा, मला न्हाई पायजे घोडा," विलास रडवेला झाला. "सांग की त्यांना!"

मी जोरजोरानं नकाराची मान हलवली.

"बघा!" मामा म्हणाला. "घोड्याबिगर उतरत न्हाई म्हणायलेत!"

शेवटी मांडवातून मुलगी स्वतःच उठून आली. रेणुका तिचं नाव. तिनं दार ओढून पाहिलं, घामानं निथळणारा नवरदेव पाहिला आणि शांतपणे म्हणाली, "मामा, दारं अडकलीत." मग मला गाडीच्या मागच्या बाजूला बोट दाखवून ओरडली, "डिक्की! डिक्की उघडा!"

सीटखालचा खटका मी ओढला. (तो तिथंच होता, हे मला अकरा वर्षांपासून ठाऊक होतं.) आधी विलास मागच्या सीटवरून घसरत, डोक्याकडून, नेमका रेणुकेच्या पायाशी उतरला. मग मंगल उतरली, माझ्याकडं न बघता. मग आई, पदर सावरत, "येतच होतो आमी," असं म्हणत. अण्णांना काढायला मामा स्वतः आत शिरला आणि त्यांना लेकरासारखं धरून बाहेर घेऊन आला. सगळ्यांत शेवटी मी निघालो, तोवर ओवाळून झालं होतं.

सोयरीक मात्र टिकली. लग्नाला घरच्यांनी जीप केली. माझ्या गाडीत बसायला फक्त नारळाचं पोतं तयार झालं, तेही त्याचं तोंड बांधलेलं होतं म्हणून!