गणप्या आणि झेनी

भोकरदनच्या स्टँडवर गाडी सुरू झाली तरी दादा, म्हणजे माझे वडील, खिडकीखालून हलेनात. माझ्या मांडीवर राजूरच्या गणपतीचा प्रसाद आणि कानात त्यांचं शेवटचं वाक्य, "तिकडं बराबर राह्य. गणप्यावानी करू नको."

माझं नाव गणपत. आईच्या नवसाचं. राजूरच्या आसपास घरोघरी एखादा गणपत सापडतोच. शहरात मात्र त्याच नावाचा गणप्या होतो, म्हणजे खेडवळ, बावळट. दादा तरुणपणी संभाजीनगरला हमालीला गेले होते. तिथं मालक प्रत्येक हमालाला गणप्याच म्हणायचा. ते माझ्या वाट्याला येऊ नये, एवढंच दादांना वाटायचं.

म्हणून इंग्लंडात, मुलांच्या वॉर्डात नर्स म्हणून लागलो तेव्हा मी तोंडाला कुलूप घातलं. कामापुरतं बोलायचं, खाली मान घालून फिरायचं. नोकरी कच्ची होती आणि पक्की करणं हेड नर्सबाईंच्या हातात होतं.

मागच्या आठवड्यात ते कुलूप तुटलं. एक चिमुरडी सुईला घाबरून पलंगाखाली शिरली, काही केल्या निघेना. मी सलाइनचा स्टँड धरला आणि आमच्या भोकरदन गाडीचा कंडक्टर झालो. नाकातून आवाज काढला, "चला राजूर, राजूर, राजूर. जल्दी चढा, मागं सरका." पोरगी बाहेर येऊन तिकीट मागायला लागली. सुई कधी टोचली तिला कळलंही नाही. गोरी पोरं राजूर राजूर ओरडत होती आणि मी घामाघूम होऊन घंटी मारत होतो. वळून बघतो तर दारात हेड नर्सबाई. "गणपत, यू आर झेनी," एवढंच म्हणाल्या आणि गेल्या.

चहाच्या सुट्टीत फोनवर शब्द शोधला. झेनी म्हणजे विदूषकी चाळे करणारा. म्हटलं, संपलं, इथंही गणप्याच झालो. पण खाली शब्दाचं मूळ दिलं होतं. ते वाचता वाचता मी उभाच राहिलो. इटलीत जिओव्हानी हे नाव आपल्या गणपतसारखं घरोघरी. व्हेनिसकडच्या बोलीत त्याचं झालं झान्नी. डोंगरातली गरीब माणसं ओझी वाहायला व्हेनिसला यायची, शहरातले लोक त्यांच्या बोलण्याला हसायचे. नाटकातल्या हसवणाऱ्या नोकराला तेच नाव पडलं आणि इंग्रजीत त्याचं झेनी झालं. अरे, ही तर आपलीच माणसं! मला नाचावंसं वाटत होतं.

तेवढ्यात हेड नर्सबाई आल्या. नोकरी पक्की झाल्याचं सांगितलं, आणि उद्या ती बस पुन्हा काढशील का, असंही विचारलं.

गावाकडच्यांनो आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांनो, मी तिथूनच दादांना फोन लावला आणि सगळं एका दमात सांगितलं.

"म्हंजी मी बी झान्नीच व्हतो मंग," ते म्हणाले, आणि खदाखदा हसले. हमालीच्या दिवसांवर त्यांना हसताना मी पहिल्यांदा ऐकलं. माझं घर मला त्या हसण्यात सापडलं.

मग, जन्मात कधी मारली नव्हती अशी हाक त्यांनी मारली.

"आन् गणप्या, जेवला का?"