लोणपाटीवरची जागा

आमची धारेची शाळा कुठल्या मंडळात जाणार, यावर ज्या थंडीत अख्खं गाव डोकं खाजवत होतं, त्या थंडीत ड्रिलमास्तर मोरोपंत आठल्ये यांना झोप नव्हती, पण ती वेगळ्याच कारणाने. मी त्यांच्या संघात होतो, म्हणून मला ठाऊक. पुढे ज्यांनी सभांमधून मास्तरांवर यथेच्छ तोंडसुख घेतलं, त्यांच्यापैकी एकालाही आट्यापाट्यांचं मैदान धड आखता येत नव्हतं, हे आधीच सांगून ठेवतो.

मंडळाचा घोळ असा. आम्हा संस्थानी शाळांचं एक लहानसं मंडळ होतं. त्यात आम्ही, बागली आणि देवासच्या दोन शाळा. दोन, कारण देवासात राज्यंच दोन, थोरली पाती आणि धाकटी पाती, एकाच गावात. दरवर्षी संक्रांतीनंतर सामने व्हायचे, भांडणं व्हायची, तिळगूळ खाऊन मिटायची. असं बरं चाललं होतं. मग इंदूरकडून बातमी आली की तिकडे मोठं मंडळ निघतंय, कॉलेजांसकट. उज्जैन येणार, रतलाम येणार, चांदीची ढाल मिळणार. आणि आमच्या चौघांपैकी एकालाच घेणार.

झालं! टांग्याच्या अड्ड्यावर, न्हाव्यापुढे, देवळाच्या ओट्यावर दुसरा विषय नाही. कुणी म्हणे देवासच्या दोन्ही पात्या मिळून एकच संघ देणार. कुणी म्हणे, छट्, ज्यांचं विहिरीच्या पाण्यावरून पटत नाही ते पोरं एकत्र खेळवणार? बागली फुटली अशी आवई आठवड्याला एकदा तरी उठायची. टांगेवाले तर छातीवर हात ठेवून सांगायचे, "भिया, अपना धार तो पक्का समझो." त्यांना कुणी विचारलं होतं देव जाणे.

धार पक्की वाटायचं कारण म्हणजे आम्ही सलग तीन वर्षं कुणाला हरलो नव्हतो. आणि तेही नऊऐवजी आठ गड्यांनी.

ज्यांनी आट्यापाट्या खेळलेल्या नाहीत त्यांच्यासाठी एवढंच, की जमिनीवर आडव्या नऊ पाट्या आखतात आणि प्रत्येक पाटीवर एक गडी उभा करतात. त्याने आपल्या पाटीवर हवं तेवढं डावीउजवीकडे पळावं, पण पाटी सोडायची नाही. समोरच्यांनी त्याला चुकवून एकेक पाटी ओलांडायची. ज्याला हात लागला तो बाद. शेवटच्या पाटीला लोणपाटी म्हणतात. तिच्यावरचा गडी खमका लागतो, कारण त्याच्यामागे कुणी नसतं.

आमच्या लोणपाटीवर भास्कर होता, मास्तरांचा एकुलता मुलगा. काटक, अबोल, आणि इतका आज्ञाधारक की आम्हाला त्याचा राग यायचा. मैदानावर तो बापाला "मास्तर" म्हणे. खेळ संपला तरी मास्तर "पाटी सोड" म्हणेपर्यंत जागचा हलत नसे. आम्ही मुद्दाम मास्तरांना बोलण्यात गुंतवायचो आणि तो उन्हात तसाच उभा राहायचा.

प्लेगात तो गेला. गावाबाहेर झोपड्या घातल्या होत्या. एका झोपडीत भास्कर, दुसरीत तापाने फणफणलेली त्याची आई, जानकीबाई. तिला मुलाचं तोंडही बघायला मिळालं नाही. मास्तर दोन्हीकडे धावत होते. ताप चढला की भास्कर बरळायचा, "मास्तर, पाटी सोडू?" आणि मास्तर त्याच्या कानाशी वाकून सांगायचे, "नाही. मी सांगेपर्यंत सोडायची नाही." दुसरं काय सांगणार होते बिचारे? त्यांना वाटलं, एवढ्या आज्ञेवर पोरगा तग धरेल. त्यांनी "सोड" म्हटलंच नाही, आणि भास्कर गेला.

आमच्या तालमीत जुनी रीत होती. संघातला गडी वारला तर त्याची जागा वर्षभर रिकामी ठेवायची. वर्षश्राद्ध झालं की बापाने मैदानावर यायचं, त्या जागेवर दहीभात ठेवायचा, त्याला मोकळं करायचं आणि नवा गडी उभा करायचा. भास्करचं वर्षश्राद्ध घरी यथासांग झालं. भटजी जेवले, दक्षिणा घेऊन गेले. आम्ही मैदानावर वाट बघत बसलो. मास्तर आले, पण हातात काही नव्हतं. "आठांनीच खेळा," एवढंच म्हणाले.

पहिल्या वर्षी समोरचे संघ त्या रिकाम्या पाटीपाशी बिचकायचे. त्यात नवल नव्हतं, मेलेल्याची जागा तुडवायला कुणाला आवडतं? पण दुसऱ्या वर्षी बागलीची सगळी नवी पोरं आली. त्यांना भास्कर माहीतही नव्हता. त्यांच्यातला एक तरबेज गडी आमच्या आठही पाट्या चुकवून लोणपाटीवर पोचला आणि थबकला. डावीकडे हुलकावणी दिली, उजवीकडे दिली. समोर कुणी नव्हतं हो! मग खांदा चोळत तो आपण होऊन बाहेर येऊन बसला. पंचांनी विचारलं, का रे बाबा? तो म्हणाला, "हात लागला ना." कुणाचा, ते त्याला सांगता येईना. हात थंड होता, इतकंच तो परत परत सांगत राहिला.

त्यानंतरही आम्ही जिंकतच गेलो. मला त्या जिंकण्याची भीती वाटायची, हे स्पष्टच सांगतो. संध्याकाळी आम्ही चुन्याने पाट्या आखून जायचो. सकाळी आठ पाट्या जशाच्या तशा असत आणि लोणपाटीचा चुना या टोकापासून त्या टोकापर्यंत पुसलेला असे, कुणी अनवाणी येरझारा घातल्यासारखा. मधल्या सुट्टीत, भर दुपारी, झाडाचं पान हलत नसताना त्या एका पाटीवर धूळ उठायची, पळायची, टोकाला जाऊन वळायची. आम्ही पाठ करून डबे खायचो.

आणि मास्तर? सगळे गेले की ते लोणपाटीपाशी उभे राहायचे. मी एकदा विसरलेली टोपी न्यायला परत आलो तेव्हा ऐकलं. "जरा वाक," ते म्हणत होते. "डावा हात खाली. हं, असा." आवाज इतका नेहमीचा, इतका मायेचा होता की मी टोपी तिथेच टाकून घरी पळालो. हा माणूस वेडा नव्हता. शाळेत घड्याळासारखा यायचा, आम्हाला छड्या मारायचा. फक्त त्याचा मुलगा त्याला रोज संध्याकाळी मैदानावर भेटत होता, आणि तो ते सोडायला तयार नव्हता. त्याच्या जागी मी असतो तर मीही सोडलं नसतं.

मग नव्या मंडळाचा हुकूम आला. देवासला सामने होतील, जिंकेल ती शाळा आत. आणि मैदानात पूर्ण नऊ गडी हवेत, एकही जागा रिकामी चालणार नाही.

हेडमास्तर दत्तोपंतांनी मास्तरांना बोलावून घेतलं. आम्ही खिडकीखाली होतोच.

"मोरोपंत, आता पुरे," दत्तोपंत म्हणाले. "रीत वर्षाची. तुम्ही तीन वर्षं ओढलीत."

"आठांनी हरलो का कधी?"

"हरण्याचा प्रश्न नाही. हे मंडळ चुकलं तर आपण उरलो डहीसारख्या खेड्यातल्या पोरांशी चिंचोके खेळायला! अहो, शाळेचं नाव जाईल. एका जागेसाठी?"

मास्तर म्हणाले, "एकच जागा आहे हो माझ्याकडे."

दत्तोपंत वाईट माणूस नव्हते. पण हुकूम तो हुकूम. मास्तरांनी उमाशंकरला निवडलं. माळवी बोलणारा, पाटलाच्या घरचा, अंगापिंडाने मजबूत, आणि भुताखेताला हसणारा. त्याला पाटीवर नुसता उभा करायचा, भास्करला काही सांगायचं नाही, असं मास्तरांनी मनाशी ठरवलं असावं. दहीभाताचं नाव काढलं नाही. चूक झाली ती तिथे. एकाला मोकळं न करता त्याच जागी दुसरा उभा करायचा नसतो, हे आमच्या तालमीतलं शेंबडं पोरही सांगेल.

मला वाटलं होतं, देवासला गेल्यावर सुटका होईल, भास्कर धारेच्या मैदानात राहील. बैलगाड्यांनी आम्ही आग्रा रोड धरून देवासला पोचलो, टेकडीखालच्या मैदानात पाट्या आखल्या. सकाळी पाहतो तर लोणपाटी पुसलेली.

दोन्ही पात्यांनी खरंच एक संघ केला होता. दोन राज्यांचे लोक मैदानाच्या दोन अंगांना बसले होते आणि पोरं मात्र मधे गळ्यात गळे घालून. आम्ही पाट्यांवर उभे राहिलो. उमाशंकर लोणपाटीवर गेला आणि मधोमध उभं राहण्याऐवजी अगदी कडेला, अंग चोरून उभा राहिला.

"मधे हो!" मास्तर ओरडले.

उमाशंकर हसत नव्हता. "मास्साब, यां तो पेलां से कोई ऊबो हे," तो म्हणाला. इथे आधीच कुणीतरी उभं आहे.

खेळ सुरू झाला. देवासची पोरं लोणपाटीपर्यंत यायची आणि खांदा, दंड, मनगट चोळत आपण होऊन बाहेर जाऊन बसायची. टाळ्या हळूहळू थांबल्या. उमाशंकरने तर कुणालाही हात लावला नव्हता. तो पाटीच्या टोकाला दाबला जात होता. दर डावाला आणखी थोडा. त्याचे ओठ निळे पडले होते आणि ऐन उन्हात दात वाजत होते. पंच दरडावले, "पाटीत उभा राहा, नाहीतर बाद!" तो आत पाय टाकायचा आणि चटका बसल्यासारखा मागे घ्यायचा. शेवटी तो तिथेच गुडघ्यांवर बसला आणि रडत म्हणाला, "मास्साब, ऊ म्हने मारी नाखेगा." तो मला मारून टाकील.

आम्ही जिंकत होतो. आणखी एक डाव, की इंदूरचं मंडळ आमचं. दत्तोपंत मांडवात उठून उभे राहिले होते. मी पहिल्या पाटीवरून मास्तरांकडे पाहिलं. इतका म्हातारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. त्यांनी पागोटं काढून बाजूला ठेवलं आणि चालू खेळात मैदानात शिरले. पंच ओरडत होते, ते त्यांना ऐकूच आलं नाही. लोणपाटीपाशी गेले. उमाशंकरच्या डोक्यावर हात ठेवला. आणि त्याच्या शेजारच्या मोकळ्या जागेकडे बघून म्हणाले,

"भास्कर, पाटी सोड."

फार मोठ्याने नव्हे. पण मैदानाच्या दोन्ही अंगांना ऐकू गेलं. पाटीवरची धूळ उठली, थोडी घुटमळली, आणि आम्हा सगळ्यांच्या पाट्या ओलांडत पुढे आली. माझ्याजवळून गेली तेव्हा माझ्या डाव्या अंगावर काटा आला. मग मैदानात काहीच उरलं नाही. उन्हं कलली होती. उमाशंकर उठून पाटीच्या मधोमध उभा राहिला.

पुढच्या डावात देवासची पोरं लोणपाटीवरून हसत खिदळत पार झाली. आम्ही हरलो. मोठ्या मंडळात देवास गेलं, एक होऊन. धार बाहेर राहिली. परतीच्या वाटेवर दत्तोपंत मास्तरांच्या गाडीत बसले नाहीत. मी बसलो. मास्तर वाटेत एकदाच बोलले. "सुटला रे पोरगा," म्हणाले आणि मोकळेपणाने रडले. मलाही रडू आलं. तीन वर्षांत पहिल्यांदा मला त्यांच्याजवळ बसायची भीती वाटली नाही.

धारेला पोचलो ते तिसऱ्या दिवशी दिवेलागणीला. त्यांची वळकटी घेऊन मी घरापर्यंत गेलो. जानकीबाई दारातच उभ्या होत्या. प्लेगातून उठल्यापासून ती बाई जुनेरातच असायची, कुणाशी धड बोलायची नाही. आज इरकली नेसल्या होत्या. केसांत फूल होतं. सामन्याचं त्यांनी विचारलंच नाही.

"हळू बोला," त्या म्हणाल्या. चेहरा नुसता फुलला होता. "आत्ताच डोळा लागलाय त्याचा. परवा उन्हं कलताना आला हो. केवढा दमला होता! तीन वर्षं उभा होता म्हणाला. मी म्हटलं, आता कुठ्ठे जायचं नाही."

माझ्या हातातली वळकटी खाली पडली. मास्तर उंबऱ्यातच थांबले. माजघरातला दिवा मंद केलेला होता आणि आतून बाहेर येणारा वारा थंड होता. मी त्यांच्या बंडीची बाही ओढली. काहीतरी बोला, सांगा तिला, असं मला म्हणायचं होतं. त्यांनी बायकोच्या तोंडाकडे पाहिलं. मग माझा हात हळूच सोडवला.

"मी तीन वर्षं ठेवला," ते मला म्हणाले. "तिला कुठल्या तोंडाने सांगू?"

स्वयंपाकघरात तीन पानं वाढलेली होती. मास्तरांनी हातपाय धुतले, मधल्या पानाला वळसा घालून ते कडेच्या पाटावर अंग चोरून बसले आणि जेवू लागले.