मोकलकाकांचं औषध, आमचा फ्रिज

मोकलकाका कुणाकडेही गेले की आधी नळ सोडून पाण्याचा वास घ्यायचे आणि जाहीर करायचे, "टाकी धुवायला झाली तुमची!" चहा त्यानंतर. मूळचे अलिबागकडचे. शांती नगरमधल्या कितीतरी बिल्डिंगांच्या गच्चीवरच्या टाक्या तेच धुवायचे.

हा माणूस एकाएकी दोन मजले चढला की जिन्यातच बसायला लागला. चढताना बोलणं तर बंदच! आधी टीबीची औषधं झाली, उपयोग शून्य. मग मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात कळलं, फुप्फुसांत दुधासारखा गाळ साचतोय. फार क्वचित होणारा आजार. मी तेव्हा बीएस्सीला. केबिन रोडच्या सायबर कॅफेत बसून सगळं वाचलं आणि धावतच काकांकडे गेले.

"काका, फुप्फुसात सफाई करणाऱ्या पेशी असतात. त्यांना कामाला तयार करायला शरीर एक ग्रोथ फॅक्टर बनवतं. तुमच्या रक्तात त्यालाच अडवणारं काहीतरी तयार झालंय!"

काका धापा टाकत म्हणाले, "म्हणजे सफाईवाले हायत... मुकादमाला गेटवरच अडवलाय."

इतकं सोपं मला परीक्षेतही लिहिता आलं नसतं!

डॉक्टरांनी दोन्ही फुप्फुसं, एकेक करून, सलाइनने धुतली. खरंच धुतली! काका जाम खूश. "पहिलं पाणी पांढरंफटक, शेवटचं एकदम क्लिअर. आपल्यासारखंच काम करतात गं!"

पुढे तोच ग्रोथ फॅक्टर रोज टोचून घ्यायचा होता. उपाय नवा, सगळ्यांना लागू पडेलच असं नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलेलं. काकांकडे फ्रिज नव्हता, म्हणून औषध आमच्याकडे. रोज एक बाटली न्यायची आणि खालच्या दवाखान्यात टोचून यायचं.

एकदा सहज फ्रिजमधला त्यांच्या औषधाचा डबा उघडला, तर आठ दिवसांचं औषध तसंच! मी तडक वर, काकांच्या घरी.

"टाकी धुतली ना?" काका म्हणाले. "धुतल्यावर सहा महिने बघायला लागत नाय."

काकू हादरल्या. "आणि मला रोज सांगताय, घेतलं म्हणून?"

"काका, हा गाळ बाहेरून येत नाही. आतच बनतो, रोज! औषधाने ते सफाईवाले उठलेच नाहीत तर परत भरणार."

काकांनी चप्पल घातली. "चल, काढ तुझा डबा."

त्यानंतर एक दिवस चुकला नाही. काही महिन्यांनी डॉक्टर म्हणाले, आता तरी परत धुवायची गरज दिसत नाही.

त्याच आठवड्यात आमच्या टाकीचं झाकण कुणीतरी उघडं टाकलं. काका तळमजल्यावरूनच सुरू झाले, "अक्कल हाय का कुणाला? कबुतरं आंघोळ करतील, मग तेच पाणी प्या..." पहिला मजला, दुसरा, तिसरा. मी मागून पळतेय, "काका, चढताना बोलू नका ना!"

खालून काकू ओरडल्या, "बोलू दे गं त्यांना! बोलू दे!"