बुलेटवाल्या काकांची हलकी गाडी

आमचे मोठे काका कुठल्याही यंत्राला हात लावण्याआधी डोळे मिटत. शेजारणीचं शिलाईमशीन असो, कोणाचा पंखा असो, नाहीतर मिलमधलं सूत काढायचं भलंमोठं यंत्र असो, ते आधी चालू करायला लावत, समोर उभं राहून डोळे मिटत आणि मान किंचित डावीकडे झुकवत. तेवढा वेळ सगळ्यांनी गप्प बसायचं. कोणी बोललंच तर डोळे न उघडता म्हणत, "अरे यार, ती सांगतेय ना तिला काय होतंय. तू मधे कशाला बोलतो?" मग बरोबर त्याच एका नटाला पाना लावत. मिलमध्ये ते फिटर होते. "केशवचा हात चांगला आहेच, पण कान खरा," असं त्यांच्या खात्यातले लोक म्हणत. ते ऐकताना मला असा अभिमान वाटे, की जणू तो कान मीच त्यांना दिला होता.

आम्ही परदेशीपुऱ्यात, मिलच्या मागच्या गल्लीत राहत होतो. पण सगळं इंदूर काकांना ओळखायचं ते त्यांच्या बुलेटमुळे. सगळं इंदूर म्हणजे, आम्हाला जेवढं माहीत होतं तेवढं. आमचे आजोबा महूच्या छावणीत शिपाई होते. तिथले साहेब लोक असल्या गाड्यांवरून फिरायचे आणि त्या पुसायचं काम आजोबांकडे असायचं. नोकरी लागल्यावर काकांनी काय करावं? फौजेच्या लिलावात तसलीच एक जुनी गाडी घेतली, सहा महिने खपून तिचा स्क्रू न् स्क्रू नवा केला, आणि आजोबांना मागे बसवून थेट महूला घेऊन गेले. आजोबा छावणीच्या रस्त्यावरून ताठ बसून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते फडकं घेऊन गाडी पुसायला लागले, तेव्हा काकांनी त्यांच्या हातातून फडकं काढून घेतलं. "बाबा, ही तुम्ही नाही पुसायची," एवढंच म्हणाले. ही गोष्ट आमच्या घरात इतक्यांदा सांगितली गेली आहे, की त्या वेळी जन्म न झालेल्या मलाही ती डोळ्यांनी पाहिल्यासारखी वाटते.

ती गाडी सुरू करणं हा एक सोहळा होता. आधी हँडलखालची छोटी कळ दाबायची, दिव्यावरच्या छोट्या डायलचा काटा मधोमध येईपर्यंत किक हळूहळू खाली न्यायची, मग श्वास रोखून एकच दणका. दणका चुकला तर किक उलटी येऊन नडगी फोडायची. काकांच्या नडगीवर तशा तीन खुणा होत्या आणि ते त्या पाहुण्यांना विचारल्याशिवाय दाखवत. गाडी एकदा का धडधडायला लागली, की मोठी काकू चहा टाकायची. काका निघाले म्हणजे अमुक वाजले, असा तिचा हिशेब होता आणि मिलच्या भोंग्यापेक्षा तिचा त्याच्यावर जास्त विश्वास होता.

गाडीचा खरा दिवस म्हणजे चौदा एप्रिल. त्या दिवशी आमच्या वस्तीतून महूला जन्मभूमीवर वंदनेला जायची रांग निघे. सगळ्यात पुढे काका, पांढराशुभ्र शर्ट, हँडलला बांधलेला निळा झेंडा. त्यांच्या मागे दहाबारा स्कूटरी, मोटारसायकली, आणि त्यांच्या मागे मिलच्या लोकांना घेऊन निघालेला ट्रक. लहानपणी मी टाकीवर बसायची, मोठी झाल्यावर मागच्या सीटवर. भंवरकुआंच्या चौकात लोक हातातलं काम थांबवून बघत. "जय भीम, बुलेटवाले भिया!" अशा हाका येत. मी आयुष्यात पुढे बऱ्याच परीक्षा पास झाले, बँकेत अधिकारी झाले, पण त्या मागच्या सीटवर बसून मला जेवढं मोठं वाटायचं, तेवढं मोठं पुन्हा कधी वाटलेलं नाही.

मग मिल बंद झाली. आधी एक पाळी गेली, मग दुसरी, आणि एके दिवशी फाटकाला कुलूप लागलं. तिकडे पीथमपूरला नवे कारखाने उभे राहत होते, पण तिथे आयटीआयची ताजी पोरं हवी होती. पन्नाशीच्या फिटरचा कान कोणालाच नको होता. काका घरोघरी कूलर आणि पाण्याचे पंप दुरुस्त करायला लागले. त्याबद्दल त्यांनी कधी कुरकुर केली नाही. "मशीन लहान असो की मोठं, बोलते तर सगळीच," म्हणायचे.

मिल गेल्यावरच्या पहिल्या चौदा एप्रिलला ट्रक नव्हता. ज्यांच्याकडे काहीच नव्हतं ते सायकलीवर निघाले. पंचवीसतीस सायकली, कोणाच्या कॅरियरवर बायको, कोणाच्या दांडीवर पोर. काका नेहमीसारखे पुढे, मी मागे. खरं सांगायचं तर मी त्या दिवशी एकदाही मागे वळून पाहिलं नाही. आम्ही महूला पोहोचलो, काकांनी झेंडा सोडून हातात घेतला आणि मग वळून पाहिलं. मागे सात गाड्या होत्या आणि दोन सायकली. बराच वेळ वाट पाहिली. काही सायकली आल्या, बऱ्याच आल्याच नाहीत. वंदना सुरू झाली, संपली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोनवणेकाका घरी आले. ते काकांच्याच खात्यातले, वीस वर्षांचे जोडीदार. महूच्या वाटेवर राऊच्या अलीकडे त्यांच्या सायकलची चेन तुटली होती. उन्हात बायकोला घेऊन ते पायी परत फिरले, आणि त्यांना थांबलेलं पाहून आणखी काही जण थांबले, मग तेही परत फिरले. काका म्हणाले, "अरे, मग आवाज का नाही दिला?" सोनवणेकाका चहा बशीत ओतत साधेपणाने म्हणाले, "दिला ना भिया. तीनदा दिला. पण तुझी गाडी किती शोर करते. तुला कसं ऐकू येणार?" त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, तक्रार नव्हती. राग असता तर बरं झालं असतं. काकांनी कप खाली ठेवला आणि त्या दिवशी ते कोणाकडेही कामाला गेले नाहीत.

महिन्याभराने त्यांनी बुलेट विकली. एका नव्या कॉलनीतल्या ठेकेदाराच्या मुलाला ती शोभेसाठी हवी होती. आणि घरी आली एक हलकी, शंभर सीसीची, लाल रंगाची, नव्या धाटणीची मोटारसायकल, जिची किक काकूनेसुद्धा मारून दाखवली. मिल बंद झाल्यामुळे भियाला गाडी विकावी लागली, अशी समजूत करून घेऊन लोक घरी हळहळायला यायला लागले. दारात चपला काढून, हळू आवाजात, कोणी वारल्यावर येतात तसे. काकांनी पहिल्या चारपाच जणांना चहा पाजला. पुढच्याला म्हणाले, "हे बघा, गाडी विकली आहे, मी चांगला आहे. दुःख करायला येऊ नका, पंपाचं काम असेल तेव्हाच या." मी मात्र त्यांच्याशी आठवडाभर बोलले नाही. आजोबांची छाती जिच्यावर ताठ झाली ती गाडी कोणीतरी अंगणात शोभेला ठेवणार, आणि आम्ही या फटफटीवर! मी तेव्हा अकरावीत होते आणि मला सगळ्यातच अपमान वाटायचा.

त्यात त्या फटफटीने आमची आणखी शोभा केली. जुन्या बुलेटचा ब्रेक डाव्या पायाला आणि गिअर उजव्याला. नव्या गाडीचं सगळं उलटं. पंचवीस वर्षं जो पाय ब्रेक मारत होता, तो काही एका महिन्यात ऐकेना. आठव्याच दिवशी काका जुन्या इंदूरमध्ये एका पोहे-जलेबीच्या दुकानासमोर थांबायला गेले, डावा पाय दाबला, गाडी गिअरमध्ये उडी मारून पुढे गेली आणि पोह्यांच्या परातीला टेकून उभी राहिली. दुकानदार ओळखीचा निघाला. "काय भिया, आज इतकी भूक लागली?" म्हणाला. काकांनी त्याला तिथल्या तिथे सगळे पोहे गोळा करायला मदत केली आणि घरी येऊन मला हाक मारली. "सुजाता, रुसणं झालं असेल तर ये. काम आहे."

काम असं होतं, की मी मागे बसायचं, आणि थांबायची वेळ आली की त्यांच्या उजव्या खांद्यावर थाप मारायची. "उजवा, काका, उजवा!" असं ओरडत आम्ही पंधरा दिवस इंदूरभर फिरलो. राजवाड्यासमोर, खजरान्याच्या रस्त्यावर, सगळीकडे. पोरं हसायची. ज्याचं नाव सगळ्या मिलमध्ये आदराने घेतलं जायचं तो माणूस पुतणीच्या थापेवर गाडी थांबवत होता आणि त्याला त्याची जराही लाज वाटत नव्हती. माझा राग कुठल्या चौकात उतरला ते सांगता येणार नाही. एकदा मी विचारलं, "पण काका, का विकली खरंच?" त्यांनी गाडी बाजूला घेतली, बंद केली नाही, नुसती उभी केली आणि म्हणाले, "ऐक." मागून एक सायकलवाला घंटी वाजवत येत होता, पलीकडे दोन बायका भाजीवरून भांडत होत्या. "त्या गाडीवर यातलं काही ऐकू आलं असतं का? आयुष्यभर मशीनचं ऐकलं मी. माणसांनी तीनदा आवाज दिला, तो नाही ऐकला." मग त्यांनी मला पुढे बसवलं. बुलेट मला स्टँडवरून हलत नसे. ही मी पहिल्याच दिवशी चालवली.

पुढच्या चौदा एप्रिलला सकाळी रांग जमली तेव्हा वस्तीतल्या तरुणांनी कुठून तरी एक बुलेट मागून आणली होती, पुसून, हार घालून. "काका, झेंडा बुलेटवरच शोभतो. तुम्हीच पुढे पाहिजे," त्यांचा म्होरक्या म्हणाला. सगळे बघत होते. वीसेक वर्षांची ती जागा होती आणि ती त्यांच्याशिवाय कोणाची नव्हती. काका त्या गाडीजवळ गेले, तिच्या टाकीवर हात ठेवला. मला वाटलं, बसणार. त्यांनी खिशातून घडी केलेला निळा झेंडा काढला, त्या पोराच्या हँडलला स्वतःच्या हाताने बांधला, दोनदा ओढून पाहिला. "मस्त दिसतो. तू जा पुढे. सायकलच्या चालीने जायचं, समजलं? मागून घंटी ऐकू आली पाहिजे." आणि आपली लाल गाडी ढकलत रांगेच्या पार शेवटी, सोनवणेकाकांच्या सायकलीच्याही मागे जाऊन उभे राहिले. हँडलला पिशवी होती. तिच्यात हवेचा पंप, पंक्चरचं सामान, चेनच्या कड्या.

त्या दिवशी आम्ही किती वेळा थांबलो याची गणती नाही. गाडी थांबवायची, सायकल उलटी करायची, पंक्चर काढायचं, परत एका किकमध्ये निघायचं. बुलेटने हे केलंच नसतं, ती तर इतक्या हळू चालीत तापून बंदच पडली असती. राऊच्या पुढे एक म्हातारे गृहस्थ दमले, तर काकांनी त्यांना आपल्या मागे बसवलं आणि त्यांची सायकल मी घेतली. महूला पोहोचेपर्यंत ऊन डोक्यावर आलं होतं. आत सगळे कधीचे पोहोचले होते, पण वंदना सुरू झाली नव्हती. सोनवणेकाका फाटकाशी उभे होते. आम्हाला पाहून त्यांनी मागे वळून जोरात सांगितलं, "केशव आला. मतलब सगळे आले. करा सुरू." परदेशीपुऱ्यातून निघालेला एकही माणूस त्या दिवशी माघारी फिरला नव्हता. काकांनी घाम पुसला आणि माझ्याकडे पाहून हसले. पुढे उभं असताना त्यांना तसं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं.

त्यानंतर कितीतरी वर्षं रांगेची ती शेवटची जागा काकांची होती. सायकली कमी झाल्या, स्कूटरी वाढल्या, पोरांकडे मोठमोठ्या गाड्या आल्या, पण वंदना शेवटची लाल गाडी आल्याशिवाय कधी सुरू झाली नाही. पुढे कोण आहे हे लोक विसरून गेले. गंमत अशी, की त्या हलक्या गाडीवरही लोक त्यांना शेवटपर्यंत बुलेटवाले काकाच म्हणत राहिले.

ते गेले ते थंडीत, चारसहा दिवसांच्या आजारात. आदल्या दिवशी त्यांनी मला गाडी अंगणात सुरू करायला लावली. पलंगावर डोळे मिटून, मान डावीकडे झुकवून ऐकत राहिले. "चेन ढिली आहे," म्हणाले. मी पाना घेऊन चेन ताणली आणि पुन्हा सुरू केली. "हं. आता ठीक." किल्ली परत द्यायला गेले, तर त्यांनी माझीच मूठ मिटवली.

त्या एप्रिलमध्ये मी रजा टाकली, पिशवी हँडलला अडकवली आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिले. कोणी काही विचारलं नाही. वाटेत दोन पंक्चर निघाले, एका मुलीची स्कूटी बंद पडली. माझा हात काकांसारखा चालत नाही, त्यामुळे उशीर झाला. शेवटच्या वळणावर मला धास्ती वाटायला लागली, की आत वंदना संपत आली असेल. फाटकाशी सोनवणेकाका उभे होते, काठी टेकून, आता त्यांना दिसायचंही कमी. त्यांनी गाडीचा आवाज ऐकला, मान किंचित डावीकडे झुकवली आणि मागे वळून ओरडले,

"सुजाता आली. सगळे आले. करा सुरू."