गिरजाबाईंच्या आवाजाचा नंबर

सीतारामभाऊंनी माझ्या टेबलावरचा फोन घेतला आणि स्वतःचाच नंबर लावला. त्यांच्या सदऱ्याच्या खिशात त्यांचा मोबाइल वाजायला लागला. तो त्यांनी बाहेरही काढला नाही. माझा फोन तेवढा माझ्या कानाशी धरला.

"आयका, शमीमबाई," ते म्हणाले. "निसती घंटी वाजून राह्यली. ती नाई."

ती म्हणजे गिरजाबाई, त्यांची बायको. कुरखेड्याकडच्या एका गावात हे ढिवर कुटुंब. तलावात मासेमारी आणि थोडं धान. रोवण्याच्या, म्हणजे भातलावणीच्या वेळी बांधीत चिखलात उभ्या राहून गिरजाबाई गाणी म्हणायच्या. माझे मिस्टर राशिद यांनी ती रेकॉर्ड करून त्यांचा अल्बम काढला होता. त्यातलं एक गाणं सीतारामभाऊंनी आपल्या फोनची कॉलर ट्यून म्हणून लावून घेतलं. पुढे गिरजाबाई वारल्या. त्यानंतर राशिदही गेले. वडशातला हा स्टुडिओ आता मी एकटीच चालवते. स्टुडिओ म्हणजे भिंतींना फोम लावलेली एक खोली, आणि आवाज करतो म्हणून रेकॉर्डिंगच्या वेळी बंद ठेवावा लागणारा पंखा. सीझनमध्ये नाटक मंडळ्यांची गर्दी असते. बाकी वर्षभर मी आणि कॉम्प्युटर. बोलायला कुणी लागतं हे दिवसभरात आठवतही नाही, संध्याकाळी शटर ओढताना मात्र आठवतं.

आपली कॉलर ट्यून आपल्याला ऐकू येत नाही, फोन करणाऱ्याला येते. म्हणून सीतारामभाऊ रोज शेजाऱ्याचा फोन मागायचे आणि स्वतःलाच कॉल करायचे. आपला फोन उचलायचे नाहीत, कारण उचलला की गाणं बंद.

"लोकायले वाटते बुढा सटकला," ते म्हणाले. "वाटू द्या. पन रोवणे सरले तवापासून ती येतच नाई. पह्यले तो मानूस बोलते, मंग ती म्हनते. तसंच पाह्यजे मले."

माणूस म्हणजे कंपनीची जाहिरात असेल, असं मी धरून चालले. म्हटलं, बघते.

आता इथे धंद्यातलं थोडं सांगावं लागेल. गाणी ऑनलाइन दुकानांना किंवा कॉलर ट्यूनला आम्ही थेट पाठवत नाही. मध्ये एक कंपनी असते, तिला डिस्ट्रिब्युटर म्हणतात. पाठवताना दोन नंबर द्यावे लागतात. एक बारकोड. तो अख्ख्या अल्बमचा, साबणाच्या वडीवर असतो तसलाच. दुसरा आयएसआरसी. अक्षरं आणि आकडे मिळून बारा जागांचा हा कोड एकेका रेकॉर्डिंगचा असतो. गाण्याचा नाही, रेकॉर्डिंगचा. तेच गाणं उद्या दुसऱ्या बाईने म्हटलं, किंवा त्याच बाईने पुन्हा म्हटलं, तरी कोड नवा. पण तेच रेकॉर्डिंग कुठल्याही अल्बममध्ये आणि कुठल्याही कंपनीमार्फत गेलं, तरी कोड जुनाच राहतो.

सीतारामभाऊंना समजेल असं सांगितलं, की टोपली बदलली तर टोपलीचा नंबर बदलतो, माशाचा नाही.

"मंग मासा कुठी गेला?" त्यांनी विचारलं.

प्रश्न बरोबर होता. शोध घेतला तेव्हा कळलं, की आमची जुनी डिस्ट्रिब्युटर कंपनी बंद झाली होती आणि तिने सगळे अल्बम दुसऱ्या कंपनीकडे सोपवले होते. सोपवताना कोडचा रकाना रिकामाच गेला. नव्या कंपनीच्या सिस्टिमने तो आपल्या मनाने भरला आणि प्रत्येक रेकॉर्डिंगला नवा कोड दिला. पुढच्या तपासणीत दुसऱ्या सिस्टिमने आवाज ओळखला. हा आवाज आधीच वेगळ्या कोडवर नोंदलेला आहे, तेव्हा हा कॉपीचा माल, असं ठरवून तिने अल्बम अडवला. म्हणजे गिरजाबाईंनी गिरजाबाईंचाच आवाज चोरला होता.

मी मुंबईच्या सपोर्टला फोन केला. एका मुलीने नीट ऐकून घेतलं.

"मॅडम, सिंपल आहे. गाणं री-रेकॉर्ड करून पाठवा. फ्रेश कोड मिळेल, लगेच लाइव्ह होईल."

"गाणाऱ्या बाई वारल्या."

"ओके." तिने काहीतरी टाइप केलं. "मग दुसऱ्या सिंगर चालतील का?"

बघते म्हणून मी फोन ठेवला. मुलगी वाईट नव्हती. तिच्या स्क्रीनवर तेवढेच पर्याय असणार.

जुना कोड जुन्या ईमेलमध्ये सहज सापडला. माझ्या कॉम्प्युटरवरची फायनल फाइल त्या कोडसकट पाठवून दिली. ती परत आली. लांबी जुळत नाही, आधी रिलीज झालेलं रेकॉर्डिंग यापेक्षा थोडं मोठं आहे, ओरिजिनल द्या.

ओरिजिनल राशिदच्या हार्ड डिस्कमध्ये होतं आणि ती डिस्क ड्रॉवरमध्ये. ते गेल्यापासून मी ती लावली नव्हती. काम पडलं नाही, असं मी सांगत असे. खरं म्हणजे भीती वाटायची. राशिदना रेकॉर्डिंग चालू असताना बोलायची खोड होती. ते बोलायचे आणि मी कापायचे, आमच्या कामाची वाटणीच तशी होती. तुमचा आवाज कोण ऐकणार आहे, म्हणून मी चिडवायचे. फायनल फाइल मी कापलेली होती. तो अल्बम मात्र त्यांनी स्वतः पाठवला होता, न कापता.

डिस्क लावली. सवयीने पंखा बंद केला.

"म्हना बाई," राशिद म्हणाले.

"इथीच म्हनू का?" गिरजाबाईंचा आवाज.

"इथीच म्हना. आमी आयकून राह्यलो."

मग गाणं सुरू झालं. सीतारामभाऊंचा माणूस कोण, ते मला आत्ता कळलं. माझ्या नवऱ्याचा आवाज इतके दिवस एका म्हाताऱ्याच्या फोनवर रोज वाजत होता, आणि मी त्यांना कधी फोन केला नव्हता म्हणून मला पत्ता नव्हता. मी खूप रडले. खोली साउंडप्रूफ आहे, बाहेर कुणाला कळलं नाही.

फाइल जशीच्या तशी पाठवली, जुन्या कोडवर. या वेळी काही आक्षेप आला नाही. ट्यून पुन्हा लावून घ्यायला सीतारामभाऊ वडशाला आले. लागल्यावर त्यांनी माझ्या फोनवरून स्वतःला कॉल केला. खिशातला मोबाइल वाजत राहिला. ते ऐकत राहिले, मग फोन माझ्याकडे सरकवला.

"आला मानूस," ते म्हणाले. "घ्या, तुमी बी आयका."

या धंद्यात येणाऱ्यांना एवढंच सांगते, की कोडचा रकाना रिकामा सोडू नका. आपण सोडला की मशीन भरतं, आणि मशीनला माणसं ठाऊक नसतात. शिवाय काहीही कापा, पण मूळ फाइल ठेवा.

हल्ली शटर ओढायच्या आधी मी सीतारामभाऊंना फोन लावते. माझा नंबर त्यांच्याकडे सेव्ह आहे. ते उचलत नाहीत.