अंधाऱ्या वर्गातलं जंगल

शिवणबाई अंधाराला भितात, हे शाळेतल्या पहिलीच्या पोरांनाही ठाऊक होतं. घरी त्या निजतानाही दिवा चालू ठेवत. “वीज कंपनी आपल्याच घरावर पोट भरते,” असं यजमान म्हणत. बाई हसत, पण दिवा काही मालवत नसत. अंधाऱ्या खोलीतून जावंच लागलं, तर त्या अक्षरशः धावत सुटत. भित्यापाठी ब्रह्मराक्षस, दुसरं काय.

आणि नेमक्या त्यांच्याच वर्गात मुलांनी अंधारं जंगल उभं केलं. शिवणाच्या तासाला मुलांचे हात चालू असताना बाई काहीतरी वाचून दाखवत. यंदा वर्षावनाचं पुस्तक होतं. तिथली झाडी इतकी दाट, की भरदुपारीही खाली अंधारच, हे ऐकून मुलांनी ठरवलं, वर्गात तसं जंगल करायचं, तिकीट लावायचं आणि जंगल राखणाऱ्या संस्थेला पैसे पाठवायचे. बाईंनी जुन्या पडद्यांची पानं कातरली, दोरांना चिंध्या गुंडाळून वेली केल्या. खिडक्यांवर पुठ्ठे ठोकले. कापडाला बल्बची धग लागू नये म्हणून वायरमनने त्या वर्गाचा फ्यूजच काढून नेला. बाई मात्र दारात उभं राहूनच सगळं बघत.

तिसरीतली मुंगी त्या जंगलातला स्लॉथ झाली होती. स्लॉथ म्हणजे फांदीला लटकून राहणारा, गोगलगाईच्या चालीचा प्राणी. मुंगी हाडापेराने एवढीशी, त्यात दमेकरी. लटकण्याऐवजी कुठेतरी उंचावर निजून राहायचं, एवढी सवलत तिला मिळाली होती. बाईंनीच शिकवलं होतं, “गरुड आला की स्लॉथ हलत नाही. पळतो तो दिसतो, गप्प राहतो तो वाचतो.”

संध्याकाळी खेळ संपला. माकडं, पोपट, बेडूक खिदळत बाहेर आले. मुंगी आली नाही.

“मुंगे, चल गं, आजोबा आलेत,” बाईंनी दारातून हाक मारली. आत सगळं चिडीचूप.

“घरी गेली असेल,” तिकिटं फाडणारी सातवीतली मुलगी म्हणाली.

“दप्तर टाकून?” बाईंनी दप्तर उघडलं. दम्याचा पंप आतच होता. आत कापडाची धूळ, कोंदलेली हवा आणि ती पोर.

“बाई, मी जाऊ का? तुम्हाला भीती वाटते ना.”

“वाटते. तू आजोबांजवळ थांब. टॉर्च दे.”

पंप मुठीत धरून त्या आत शिरल्या. दोन वेली ओलांडताच दार दिसेनासं झालं. टॉर्चच्या झोतात पानांच्या सावल्या भिंतीवर धावू लागल्या. गळ्याला काहीतरी गार लागलं. स्वतःच केलेली वेल, तरी बाई किंचाळता किंचाळता राहिल्या. “मुंगी! अगं, बोल ना!” आवाज चिरकला. कुणी हललं नाही.

तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. हाका मारत, झोत फिरवत आलेलं हे कोण? गरुडच! पोर शिकवल्याबरहुकूम वागत होती.

टॉर्च बंद करायला बाईंचा अंगठा धजेना. डोळे गच्च मिटून त्यांनी बटण दाबलं आणि होत्या तिथेच खाली बसल्या. अंधार अंगावर आला. छातीत धडधड, कपाळावर घाम. मग त्या धडधडीपलीकडे एक बारीक शिट्टी ऐकू आली. शेजारच्या बुटक्या कपाटावरून. धाप लागलेला श्वास.

हळूच, फार हळूच, एक इवला हात खाली आला आणि त्यांच्या खांद्यावर टेकला. बाईंनी चाचपडत मुंगीला उतरवून घेतलं, पंप तिच्या ओठांना लावला. शिट्टी मंदावत गेली.

“गरुड गेला?” मुंगीने विचारलं.

“गेला गं. तो गरुड म्हणजे मीच होते.”

आता कधी एकदा बाहेर पडते असं बाईंना झालं. पाय उचललाच होता, तोच हाताला हिसका बसला.

“बाई, हळू. पळतो तो दिसतो.”

मग दोघी गोगलगाईच्या चालीने निघाल्या. दाराशी उजेडात येताच ती सातवीतली मुलगी म्हणाली, “अय्या, बाई, तुम्ही किती थरथरताय.”

“थरथरतेय खरी,” बाई म्हणाल्या. “पण धावले का?”