नाखूष पाहुणी

“समुद्र सगळ्यांचा आहे, खुर्च्या माझ्या आहेत,” असं माझी आत्या एकदा एका पोलिसाला म्हणाली होती. तो उन्हातून दमून आला होता, खुर्चीत बसला होता आणि भाडं द्यायला तयार नव्हता. मग दिलं त्याने. वर उठताना खुर्चीवरची वाळूही झटकली.

बेटाच्या ज्या टोकाला बस वळते तिथे सरकारी किनारा सुरू होतो. कोणीही यावं, पाय बुडवावेत, पोरं हरवावीत आणि सापडावीत असा. तिथे आत्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या भाड्याने देते. निळ्या, पांढऱ्या आणि एक लाल. लाल खुर्चीचा एक पाय तारेने बांधलेला आहे म्हणून ती जाड माणसांना मिळत नाही, आणि का मिळत नाही हे आत्या त्यांना तोंडावर सांगते. भरती चढली की ती रांगेमागून ओरडत जाते, “उठा, समुद्र आला!” जणू बाहेरगावचा व्याही दारात उभा आहे. मग सगळा किनारा आपापली खुर्ची ढुंगणाला धरून मागे सरकतो.

किनाऱ्याच्या मधोमध एक जाड पांढरा दोर आहे. पलीकडे तीच वाळू, पण चाळलेली. तिथे रिसॉर्ट उभं राहिलं आणि आत्याची सून तिथे वेटर म्हणून शिकायला लागली. माझा आतेभाऊ जहाजावर असतो, घरात दोघीच. आत्याला ते मुळीच पटलं नव्हतं.

“अगं, माझ्यामागे खुर्च्या कोण बघणार? दोरापलीकडे काय समुद्र गोड आहे का?”

“नाही आई,” सून म्हणायची आणि जायची. तिचं ‘नाही आई’ म्हणजे हसत हसत लावलेलं दार. संध्याकाळी ती ट्रेवर पाण्याचे पेले भरून स्वयंपाकघरात फेऱ्या मारायची. आत्या वाटेत मुद्दाम पाय पसरून बसायची. सून थेंब न सांडता पाय ओलांडून जायची आणि परत यायची. त्या घरातली भांडणं अशी, बिनआवाजाची, पाण्याने काठोकाठ.

खरे पाहुणे येण्याआधी रिसॉर्टने रंगीत तालीम ठेवली. नोकरांच्या नातेवाइकांनी एक दिवस पाहुणे व्हायचं, नोकरांनी सेवा करायची. सुनेच्या वाट्याचे पाहुणे म्हणून आत्या आणि मी गेलो. दोर ओलांडताना आत्याने चपला हातात घेतल्या, मग काहीतरी आठवून पुन्हा पायात घातल्या.

मॅनेजर घामाघूम, पण कोट घातलेला. त्याने सगळ्यांना चिठ्ठ्या उचलायला लावल्या. एकाला नवरदेव व्हायचं होतं, एकीला पोट बिघडलेली बाई. मला निघालं, ‘ऐकू न येणारे गृहस्थ’. आत्याने आपली चिठ्ठी माझ्याकडून वाचून घेतली: ‘नाखूष पाहुणी. कशानेही समाधान होत नाही.’

“हे नाटक कुठाय?” आत्या म्हणाली.

मॅनेजर म्हणाला, “शेवटी मी तुम्हाला एकदाच विचारीन, काही तक्रार आहे का. नाखूष पाहुण्याची तक्रार उरली, तर त्या वेटरची नोकरी पक्की होणार नाही. तेव्हा मनापासून करा.”

सून मागे उभी होती. काळा पांढरा पोशाख, केस घट्ट बांधलेले, हातात तो ट्रे. तिने आत्याकडे पाहिलं आणि लगेच समुद्राकडे पाहिलं. आत्याच्या हाती आयतं कोलीत आलं होतं.

तिला आधी टॉवेलच्या कापडाचा पांढरा झगा मिळाला. तो तिने साडीवरच चढवला. मग ती पोहण्याच्या तलावापाशी थांबली, एकदा तलावाकडे आणि एकदा वीस पावलांवरच्या समुद्राकडे बघत.

“हे कशाला? तो नापास झाला का?”

“ज्यांना लाटा नको असतात त्यांच्यासाठी, मॅडम,” सून म्हणाली.

‘मॅडम’ ऐकून आत्या जागच्या जागी थबकली. मग मान उंच करून तिने मला कोपर मारलं. मी बहिरा होतो, मी ढगांकडे बघत राहिलो.

पुढे जे झालं त्याला सेवा म्हणावं की जुगलबंदी, मला अजून कळलेलं नाही. सरबत आलं, त्यात कागदाची छत्री. “एवढ्याशा छत्रीत कोण मावणार?” सून मोठी छत्री घेऊन आली. ऊन उजवीकडून येतंय. “छत्री उजवीकडे वळवते, मॅडम. दुपारनंतर डावीकडे वळवीन.” वारा सुटलाय. उशी पाठीमागे आली. वारा पडलाय. पंखा आला. डोळ्यांवर काकडीच्या चकत्या ठेवल्या, तर आत्याने एक खाल्ली आणि म्हणाली, “मीठ नाही.” मीठ आलं. बशीत, चिमट्यासकट.

“समुद्राचा आवाज फार आहे.”

“ओहोटी लागली की कमी होईल, मॅडम. तोवर कानात घालायला कापूस देऊ?”

नवरदेव नवरीला सोडून बघायला आला. पोट बिघडलेली बाई पोट धरून हसत होती, त्यामुळे तिचं काम बेमालूम वठत होतं. मॅनेजरने कोट काढला. आत्याच्या गालांवर मुलीसारखा रंग चढला होता. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या जिभेला कोणी पुरून उरत होतं, आणि ते माणूस इतकी वर्षं तिच्याच स्वयंपाकघरात होतं.

मग आत्या लांबलचक आरामखुर्चीत आडवी झाली आणि तिला उठता येईना. पाय वर, झगा वर, हसू आवरेना. सुनेने हात देऊन तिला ओढून काढलं.

“ही काय खुर्ची आहे? बसायचं की तिरडीवर निजायचं?” आत्या ओरडली. “मला माझ्यासारखी खुर्ची हवी. प्लॅस्टिकची. आत्ता.”

रिसॉर्टमध्ये प्लॅस्टिकची एकही खुर्ची नव्हती. आत्याला ते माहीत होतं. आम्हा सर्वांना कळलं की आता ती खेळत नव्हती.

सुनेने ट्रे माझ्या हातात दिला. टाचांच्या चपला काढल्या आणि पळत सुटली, सरळ, भर दुपारच्या वाळूतून. “खुर्ची आणते,” ती ओरडली, तसा दोरापाशी वॉचमन आडवा आला. “बाहेरचं सामान आत नेता येत नाही.”

“मग पाहुण्यांना बाहेर नेऊ का? तुम्ही सांगता साहेबांना?” म्हणत ती खालून वाकून गेली. आणि डोक्यावर निळी खुर्ची घेऊन परत आली. तिने ती पाण्याकडे तोंड करून मांडली, वाळूत नीट दाबली, दोन्ही हातांनी हलवून बघितली.

“बसा, मॅडम. भाडं तासाचं आहे. सुट्टे नसतील तर उठायचं.”

हे शब्द आत्याचे. आवाजही आत्याचा, तो वरून खाली येणारा. आधी नवरदेव हसला, मग मॅनेजर, मग वॉचमनसुद्धा. मी बहिरेपण विसरून टाळी वाजवली आणि ट्रे खाली पडला. आत्या खुर्चीत बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. दोर, तलाव, चाळलेली वाळू, काहीच जागच्या जागी वाटत नव्हतं. तो अख्खा किनारा कोणीतरी उचलून हलवल्यासारखा झाला होता.

शेवटी मॅनेजर समोर आला. त्याने कोट पुन्हा चढवला होता.

“मॅडम, काही तक्रार?”

आत्याकडे तक्रारी होत्या. सरबत अगोड होतं, झगा काखेत काचत होता, आणि उद्यापासून त्या रांगेमागून तिला एकटीलाच ओरडत फिरावं लागणार होतं. तिने तोंड उघडलं. सून हात मागे बांधून उभी होती. तिची नजर समोर होती, पण ती एका पायावरून दुसऱ्या पायावर भार बदलत होती. तळवे लालबुंद भाजले होते. चपला अजून दूर पडलेल्या, आरामखुर्चीजवळ.

आत्या त्या पायांकडे बघत राहिली.

“सांगा ना,” मॅनेजर म्हणाला. “एक तरी असेलच.”

आत्या उठली. गेली, त्या चपला उचलल्या, आणून सुनेच्या पायांपुढे जोडीने ठेवल्या. मग आपली निळी खुर्ची उलटी करून डोक्यावर घेतली आणि झगा तसाच फरफटवत, दोराखालून वाकून, एक शब्दही न बोलता चालती झाली.